पोफळीच्या वायरमनकाकांना

काका, नमस्कार.

जूनमधल्या एका रविवारी कुंभार्ली घाट चढताना एक राखाडी डिझेल गाडी पहिल्याच वळणांवर गळाठली होती, आठवतंय? इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, ॲक्सिलरेटरचं पेडल तळाला टेकवलं तरी इंजिनाचे फेरे (आरपीएम) वर जाईनात. मागे एसटी हॉर्न मारत होती आणि शेजारी आई देवाचं नाव घेत होती. कशीबशी गाडी वळवून उतारावरून तुमच्या टपरीपर्यंत आणली.

तुम्ही बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलंत, "काय नवीन लावलंय?" मी जरा ओशाळून सांगितलं की आठवड्यापूर्वी थ्रॉटल कंट्रोलर, म्हणजे पेडलचा इशारा बदलून पुढे पाठवणारा छोटा डबा, मागवून घरीच बसवला. तुम्ही पेडलखाली आडवे झालात आणि हसलात. त्याच्या वायरचं सॉकेट अर्धंच बसलं होतं, लॉकचा खटका लागलाच नव्हता. वर मी ते चावी चालू ठेवूनच काढलं-घातलं होतं. चावी काढून, ईसीयू (इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक) झोपेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबून मगच सॉकेटला हात लावायचा, हे मला तुमच्याकडून कळलं.

पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि बहुतेक गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं असतं. दोघांचा हिशेब जुळला नाही की ईसीयू कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि गाडीला रांगायला लावतो, हेही तुम्हीच समजावलंत. स्कॅनर लावून कोड पुसलात, वायर पेडलमध्ये अडकू नये म्हणून टायने बांधलीत. तिथेच पैसे घेऊन मोकळे झाला असतात तरी मी खूश होतो.

पण तुम्ही विचारलंत, "हा डबा घेतलात कशाला?" मी म्हटलं, गाडी चढाला सुस्त झालीय, पाय दिला तरी उशिरा उठते. "मागे काळा धूर?" हो, पण मी तो पंपावरच्या डिझेलच्या माथी मारत होतो. मग कुठे बॉनेट उघडलं. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला तेलकट डाग, क्लॅम्प सैल. मला रेस द्यायला लावून तुम्ही तिथे हात धरलात, तर सूं करून हवा बाहेर! टर्बोने दाबलेली हवा वाटेतच गळत होती आणि मी पेडलवर इलाज करत बसलो होतो.

"डबा पेडलला खोटं बोलायला शिकवतो," तुम्ही म्हणालात. "तुम्ही तीस टक्के दाबा, तो आत पन्नास सांगतो. जोर तेवढाच, नुसती घाई जास्त." पूर्ण दाबल्यावर डबा असला काय नि नसला काय, फरक शून्य. हे विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं. खरं तर मी विचारलंही नव्हतं.

तो डबा फेकून द्या, असं मात्र तुम्ही म्हणाला नाहीत. पावसात डब्याचा तेज 'स्पोर्ट' मोड नको, एवढंच बजावलंत. आता तो सगळ्यात खालच्या मोडवर असतो. क्लॅम्प आवळल्यापासून त्याची आठवणही फारशी येत नाही, पण गावातल्या गर्दीत सिग्नलवरून निघताना बरा वाटतो, खोटं कशाला बोलू? त्याच दिवशी आम्ही घाट तिसऱ्या गिअरवर चढलो, कोयनानगरला चहा घेतला. आईने तुमच्यासाठी देवाला हात जोडले, आणि माझ्या 'घरगुती मेकॅनिकी'चा उद्धारही केला.

दोनशे रुपयांवर तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. आणि हो, तुमचा आठ नंबरचा टी-पाना माझ्या डिकीत राहिलाय. गणपतीला चिपळूणला येतोय, तेव्हा घेऊन येतो.

तुमचा,
राखाडी गाडीवाला