संद्या, टेस्टरला पहिल्या दिवसापासून आत घे

कोल्हापूर, रविवार रात्र

प्रिय संद्या,

तुझा परवाचा मेसेज तीनदा वाचला. ऑफिसातनंच दोन ओळी टाकणार होतो, पण म्हटलं नको, हे निवांत बसून लिहायचं आहे. आत्ता जेवणं झालीत, घरात सगळी झोपलीत, पाऊस पण थांबलाय.

तू म्हणायलास की पुण्यात तुमच्या टीमनं अजाईल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडं-थोडं करून द्यायची पद्धत, चालू करून चार महिने झाले, रोज सकाळी स्टँडअपची उभ्या-उभ्या मीटिंग होते, बोर्डावर चिठ्ठ्या लागतात, दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे टप्पे, चाललेत आणि तरी रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर द्यायच्या, आधीची ती रात्र काही चुकत नाही, टेस्टिंगची पोरं अजून दोन-दोन वाजेपर्यंत बसतात. भावा, मला एवढंच सांग, तुमच्या स्प्रिंटमध्ये टेस्टरच्या हातात काम कितव्या दिवशी येतं? आठव्या-नवव्या दिवशी येत असेल तर मग तुम्ही जुना वॉटरफॉलच, म्हणजे आधी सगळं बनवायचं आणि शेवटी टेस्ट करायचं, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडून चालवताय, आणि म्हणून ती रात्र आता सहा महिन्यांतनं एकदा यायच्या ऐवजी महिन्यातनं दोनदा येत्येय.

हे मी ठासून सांगतोय कारण आम्ही हे भोगलंय. मी आधी होतो त्या कंपनीत दूध संस्थांचं सॉफ्टवेअर करत होतो, तुला माहितीच आहे. सात महिने डेव्हलपमेंट झालं, मग तीन आठवडे आमच्याकडं टेस्टिंगला आलं आणि आम्ही जीव तोडून टेस्ट केलं. करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत बसवलं, पहिलं दहा दिवसांचं बिल निघालं आणि दुसऱ्या दिवशी एक मावशी वीसच्या वीस पावत्या रबर लावून घेऊन आल्या, सकाळ-संध्याकाळच्या, एकही गहाळ नाही. पावत्यांची बेरीज आणि बिलाची रक्कम यात सात पैशांचा फरक होता. त्या म्हणाल्या, सात पैशाचं काय न्हाई, पर कागुद आणि बिल जुळाय पायजे. बघायला गेलो तर कळलं की संस्था प्रत्येक पावतीला पैशापर्यंत राउंड करते, आणि आमचा कोड दहा दिवसांची बेरीज करून शेवटी एकदाच राउंड करत होता. तीनशे उत्पादक, कुणाचं चार पैसे वर, कुणाचं पाच पैसे खाली, सचिवांची खतावणीच जुळेना. आणि हे राउंडिंग तोवर कोडमध्ये चौदा ठिकाणी पसरलेलं, एक जागा सुधारली की दुसरीकडं फुटायचं. पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्या सचिवांसमोर एक पावती ठेवून विचारलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं रे ते.

तुमच्या काकांचं गुऱ्हाळ आठवतंय? आपण दिवाळीच्या सुट्टीत जायचो, चुलवाणापाशी शेकत बसायचो. रस काहिलीत पडला की गुळव्या एकदाही जागा सोडायचा नाही. भेंडीचं पाणी घातलं, मळी वर आली, काढली, परत उकळी, परत मळी, आणि पाक दाटत आला की पळीभर घेऊन गार पाण्यात सोडायचा आणि बोटांनी गोळी होते का बघायचा. नाही झाली तर अजून जाळ, परत थोड्या वेळानं गोळी. काहील उतरून गूळ गार व्हायला वाफ्यात ओतल्यावर मग परीक्षा करून उपयोग काय, लवकर उतरला असेल तर बसणार नाही आणि उशीर झाला असेल तर काळा पडलेला असणार. आमचं टेस्टिंग मात्र वाफ्यातच चाललं होतं.

आणि हे शहाणपण आपल्या क्षेत्रात नवीन पण नाही. लोक ज्याला वॉटरफॉल म्हणतात त्याची ती पायऱ्यांची आकृती विन्स्टन रॉयस या अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञाच्या १९७० च्या पेपरातनं आली असं सांगतात, पण त्याच पेपरात त्यानं लिहून ठेवलंय की असं सरळ करत गेलात तर धोका आहे, कारण टेस्टिंग शेवटी येतं आणि तिथं काही चुकलं तर पार मागं डिझाइनपर्यंत जावं लागतं. आकृती सगळ्यांनी घेतली, इशारा राहिला. मग फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला सतरा सॉफ्टवेअरवाले जमले, केंट बेक, मार्टिन फाउलर, केन श्वेबर, जेफ सदरलँड असे, आणि त्यांनी तो अजाईल जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं, बास. त्यात स्टँडअपचा शब्दसुद्धा नाही. चालणारं सॉफ्टवेअर थोड्या-थोड्या दिवसांनी गिऱ्हाईकाच्या हातात द्या आणि त्याच्याशी बोलत राहा, हे आहे. तुमचे मॅनेजर डॉक्युमेंट बंद म्हणतात ना, त्यांना तो जाहीरनामा पूर्ण वाचायला दे, डॉक्युमेंटलाही किंमत आहे असं त्यात स्वच्छ लिहिलंय, फक्त चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त आहे.

आता इथं नव्या कंपनीत आम्ही काय करतो ते सांगतो. स्प्रिंट दहा दिवसांचा ठेवलाय, सुट्ट्या धरून, कारण दुधाचं बिल दहा दिवसांनी निघतं, म्हणजे आमचं काम खरं आहे का खोटं ते दर बिलाला कळतं. आणि स्टोरी, म्हणजे चिठ्ठीवरचं एक-एक छोटं काम, हातात घ्यायच्या आधी डेव्हलपर, टेस्टर आणि संस्थेचं काम जाणणारा एकजण असे तिघं बसतो आणि उदाहरणं लिहितो. म्हैस, ८ लिटर २०० मिली, फॅट ६.३, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ९.१, दर किती, रक्कम किती. मग फॅट ५.९, ६.०, ६.१ असं दरपत्रकाच्या पायरीच्या अलीकडं-पलीकडं. मग पशुखाद्याची कपात बिलापेक्षा जास्त झाली तर काय. कोडची एक ओळ नसताना अर्धे बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, इथंच मरतात, मर्दा, खरं सांगतो. टेस्टर म्हणून मला वीस मिनिटांत जेवढं समाधान तिथं मिळतं तेवढं शंभर बग लॉग करून मिळत नव्हतं.

तीच उदाहरणं डेव्हलपर ऑटोमेटेड टेस्टमध्ये घालतो, आणि कोड चढवला की ती सगळी आपोआप चालतात. हे नसेल तर अजाईल तुला झेपणार नाही, कारण दर स्प्रिंटला नवीन फीचर येतं आणि जुनं सगळं परत तपासायला लागतंच, तो रिग्रेशनचा डोंगर हातानं दर दहा दिवसाला कोण चढणार. आम्ही आधी चूक केली होती, स्क्रीनवरच्या क्लिक रेकॉर्ड करून त्यावरच सगळं ऑटोमेशन उभं केलं आणि एक बटण हललं की चाळीस टेस्ट लाल, म्हणजे नापास. दोन महिने गेले त्यात. आता थेट हिशोब तपासणाऱ्या टेस्ट भरपूर आणि स्क्रीनच्या अगदी मोजक्या.

स्क्रीन आम्ही माणसांनी बघतो, आणि तीही जागेवर जाऊन. पहाटे सहाला संस्थेत रांग असते, किटल्या घेऊन माणसं उभी, एंट्री करणाऱ्या पोराचा एक हात ओला आणि माउस ठेवायला जागा नाही. ऑफिसात बसून आम्ही पाच क्लिकची सुंदर स्क्रीन केली होती. त्यानं ती एकदा बघितली आणि नुसतं म्हणाला, रांग थांबंल हो. दुसऱ्या स्प्रिंटला सगळं नंबर पॅडवर आणलं, सभासद नंबर, एंटर, लिटर, एंटर, संपलं. आता फॅट आणि एसएनएफ मशीनवरनं थेट येतंय.

काम डन, म्हणजे पूर्ण झालं, असं कधी म्हणायचं, हे तुमच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडं टेस्ट होऊन सचिवांनी बघितल्याशिवाय चिठ्ठी शेवटच्या रकान्यात जात नाही, डेव्हलपरनं कितीही म्हटलं झालंय म्हणून. सुरुवातीला आकडे पडतील, पहिल्या तीन स्प्रिंटला आमच्या निम्म्या स्टोरी अर्धवट राहिल्या आणि साहेब चिडले. तुझे पण चिडतील. त्यावेळी तू टीमपुढं उभं राहायचं, आणि ते व्हेलॉसिटीचे, म्हणजे एका स्प्रिंटला किती पॉइंटचं काम झालं त्याचे, आकडे दुसऱ्या टीमशी लावून बघणं पहिल्यांदा थांबव, नाहीतर पोरं कामाच्या अंदाजाचे ते पॉइंट फुगवायला लागतात आणि मग तो आकडा कुणाच्याच कामाचा राहत नाही. टेस्टरला बगच्या संख्येवर मार्क देणं पण बंद कर. बग होऊच नये म्हणून आधी बसलेल्या माणसाला शून्य मार्क, हा कसला न्याय?

तुमचं इन्शुरन्सच्या क्लेमचं काम आहे ना, मग क्लेम भरणाऱ्या बाईशेजारी एक दिवस बसून ये, टेस्टरला बरोबर घेऊन.

पुढच्या शनिवारी येतोयस असं तुझ्या आई सांगत होत्या. येताना मागच्या तीन रिलीजचे बग आण, प्रत्येक कितव्या दिवशी सापडला ते तारखेसकट, आपण रंकाळ्यावर बसून बघू. रविवारी पहाटे साडेपाचला गाडी घेऊन येतो, संस्थेत संकलन बघायला जाऊ, स्वेटर आण.

तुझा,
राजा