म्हापशाच्या शेटबाबांस, एका गद्याणाबद्दल

शेटबाब, स. न. वि. वि.

तुम्ही नाव छापू नका म्हणालात, म्हणून छापत नाही. पण आभार चारचौघांतच मानणार.

आमच्या महाविद्यालयाच्या संग्रहातून चोरीला गेलेला कदंबांचा गद्याण, म्हणजे त्यांचं सोन्याचं नाणं, चार ग्रॅमच्या थोडा वर. तुमच्याकडे आला तेव्हा 'आजीचं जुनं सोनं' होता. मूस तापलेली होती. कसोटीच्या दगडावर काठ घासलात, कस चोख निघाला. दुसरा कुणी तिथेच वजन करून पैसे मोजता. तुम्ही भिंग लावलंत. आधी 'सप्त' लागलं, मग 'कोटी'. "देवाचं नाव असलेलं सोनं मुशीत कसं घालू?" असं तुम्ही नंतर मला म्हणालात. ते विकायला आणलेल्या माणसाला मात्र "भट्टी बिघडली, सांजेला ये" म्हणून थाप मारलीत आणि पोलिसांत गेलात.

बाराव्या-तेराव्या शतकातले गोव्याचे कदंब राजे स्वतःला सप्तकोटीश्वराचा, म्हणजे शिवाचा, वर लाभलेले म्हणवत आणि नाण्यावर तसं कोरून घेत. दिवाडी बेटावरचं त्याचं जुनं देऊळ पोर्तुगीजांनी पाडलं. नार्वे गावातलं त्याचं आताचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधवून घेतलं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण कुलूप नीट लागतंय का, ते मी पाहिलं नव्हतं. चूक आमची, खेटे तुम्हाला.

पंचनाम्यात 'पिवळ्या धातूचे गोल नाणे, एका बाजूस वाघ' असं लिहिलं गेलं. अहो, सिंह आहे तो, कदंबांचा! नाणं आमचंच हे त्या सिंहानेच पटवलं. छाप जरा सरकून बसल्यामुळे त्याच्या शेपटीचा शेंडा काठाबाहेर गेलाय, आणि आमच्या जुन्या फोटोतही तो तसाच आहे. तरी मुद्देमाल सुटेपर्यंत कित्येक महिने गेले. ऐन चवथीच्या तोंडावर, गिऱ्हाईक दारात असताना, दुकान बंद करून तुम्ही जबाबाला दोनदा आलात. रिक्षाचे पैसेही घेतले नाहीत.

काठावर तुमच्या कसोटीची बारीक रेघ राहिली आहे. ती पुसायची नाही, असं मी नोंदवहीत लिहून ठेवलंय.

दुकान बंद असेल त्या दिवशी या, नाणं तुमच्या हातात देतो. राजाचं नाव अजून आपण दोघांनी मिळून वाचलेलं नाही. येताना भिंग आणा, आमचं जरा अंधुक आहे.

आपला,
संग्रह सांभाळणारा मास्तर