भट्टीनंतरचं काम

नाशिक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

राजस्थानातल्या चुन्याच्या कारखान्यात तुला भट्टीवर न घेता सायलो, म्हणजे माल साठवायची उंच टाकी, आणि गोदामाची जबाबदारी दिली, म्हणून तू खट्टू झाला आहेस. केमिकल इंजिनिअरिंग शिकून पोतीच मोजायची का, असं काल फोनवर म्हणालास. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सातपूरच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी भाजलेला माल तपासण्यातच गेली, आणि तिथे मला पक्कं कळलं की भट्टीने कमावलेलं टिकवायचं की घालवायचं हे गोदामात ठरतं.

निस्तापन, म्हणजे दगड भाजून त्यातला वायू काढून टाकणं, तुला मी नव्याने शिकवायला नको. तरी एक हिशेब डोळ्यांसमोर ठेव. शुद्ध चुनखडी 1 टन भाजली की 440 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि 560 किलो कळीचा चुना हातात उरतो. त्यासाठी 900 अंशांच्या वर उष्णता द्यावी लागते, आणि भट्टीतलं बहुतेक इंधन तो वायू सोडवण्यातच खर्ची पडतं. एवढं करून जे मिळतं ते सच्छिद्र आणि तहानलेलं असतं. संधी मिळाली की ते हवेतली वाफ ओढतं, मग हवेतलाच कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी व्हायला लागतं. 1 टन कळीचा चुना सुमारे 320 किलो पाणी पिऊन बसतो. झाकण नीट न लागलेल्या सायलोत तुमचं इंधन असं गुपचूप वाया जातं, आणि वजन वाढल्यामुळे माल वाढल्यासारखा दिसतो तो वेगळाच.

हे कुणाला भोवतं, ते तुझ्या मामाच्या निफाडच्या बागेत बघ. द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी बोर्डो मिश्रण करायचं तर 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना. चुना दमट हवेत पडून मेलेला असेल तर तेवढ्याच वजनात जोर उरत नाही, मिश्रण आंबट राहतं आणि कोवळी पानं करपतात. म्हणून मामा फवारणीआधी घासलेलं लोखंडी पातं मिश्रणात बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, चुन्याची निवळी आणखी घालायची. द्राक्षवाल्याला तुमच्या भट्टीचं तापमान ठाऊक नसतं, पोत्यातला चुना जिवंत आहे की नाही एवढंच तो बघतो. साखर कारखान्यात उसाचा रस निवळायलाही हाच चुना लागतो.

तिकडे राजस्थानात पाऊस कमी, म्हणून तुमची माणसं निर्धास्त असतील. तू होऊ नकोस. माल आमच्याकडच्या पावसात उतरणार आहे, आणि पहाटेचं दव तिकडेही पडतंच. सायलोत उतरायच्या तोंडावरच्या झाकणाचं गॅस्केट, छतावरचा धूळ अडवणारा बॅग फिल्टर आणि दाब सोडणारा व्हॉल्व्ह स्वतः वर चढून बघ. सगळ्यात जास्त लक्ष हवेवर दे. तळाशी माल हलता ठेवायला सोडलेली कॉम्प्रेसरची हवा ड्रायरमधून कोरडी होऊन आली नाही, तर आपणच आपल्या हाताने चुन्याला पाणी पाजतो. मग तो सायलोच्या खालच्या निमुळत्या भागात गड्डे धरतो, मधे पोकळी ठेवून कमान बांधतो आणि उतरत नाही. अशा वेळी कुणी आत डोकावायला किंवा काठीने ढोसायला जाईल, त्याला जाऊ देऊ नकोस. वरचा माल एकदम कोसळला तर माणूस त्याखाली गाडला जातो.

आधी आलेला माल आधी बाहेर जाऊ दे. जंबो बॅगेला आतलं प्लॅस्टिकचं अस्तर हवंच, आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब. फुटलेल्या पोत्यावर पाणी ओतून जागा धुवायची सवय कुणाला असेल तर आजच मोड. पाणी लागलं की चुना फुगतो आणि इतका तापतो की शेजारचा कागद, लाकूड पेट घेऊ शकतं.

भट्टीवाल्यांशी मात्र भांडू नकोस, त्यांच्याशी रोज बोल. माल किती कडक भाजला यावर तो किती तहानलेला राहील हे ठरतं. हलका भाजलेला चुना झपाट्याने विरतो, म्हणून त्याला जपायला लागतं. जास्त भाजलेला सुस्त असतो. मॅग्नेशियाचंही (मॅग्नेशियम ऑक्साइड) तसंच: 1500 अंशांच्या वर अगदी कडक भाजलेला (डेड-बर्न्ट) ओलाव्याला सहज दाद देत नाही, हजाराच्या आत भाजलेला देतो. कोणता माल किती दिवस ठेवता येईल हे सांगायचा अधिकार गोदामवाल्याने अभ्यास करून मिळवायचा असतो, आणि मला वाटतं तो तू मिळवशील.

गॉगल काढायचा नाही, कितीही उकडलं तरी. अंगावर चुना पडला तर आधी कोरडाच झटकायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचं. डोळ्यात गेला तर डॉक्टरची वाट न बघता लगेच, किमान 15 ते 20 मिनिटं धार सोडायची आणि नंतर दवाखाना. डोळे धुण्याची जागा कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवलंस ना?

आता एक काम सांगते. भट्टीतून नुकत्याच आलेल्या चुन्याचे 150 ग्रॅम 20 अंशांच्या 600 मिलिलिटर पाण्यात टाक आणि 60 अंश गाठायला किती वेळ लागतो ते मोज; वेळ जितका कमी, तितका चुना जिवंत. त्याच लॉटचा नमुना सायलोत पंधरा दिवस राहिल्यावर पुन्हा तसाच मोज. एल.ओ.आय.ही, म्हणजे नमुना कडक तापवल्यावर घटणारं वजन, दोन्हींचा काढ. आकडे मला लिहून पाठव, मग दोघं मिळून तुझ्या साहेबांसाठी टिपण तयार करू.

तुझी,
आई