हिरो म्हटलं की विचारपूस संपते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आगीतून कुणाला बाहेर काढलं, पुरातून कुणाला वाचवलं की त्या जवानाचा फोटो फिरायला लागतो, खाली 'देवदूत', 'खरे हिरो', 'सलाम'. मी पण पाठवलेत असे मेसेज आणि त्यातली भावना खरीच असते. पण एकदा माणसाला देव्हाऱ्यात बसवलं की त्याला काय हवं-नको ते कुणी विचारत नाही आणि त्याचं काय चुकलं तेही विचारता येत नाही, हे मला फार खटकतं.

न्यूयॉर्कचंच घ्या. 11 सप्टेंबर 2001 ला अतिरेक्यांनी विमानं धडकवून तिथले जुळे मनोरे पाडले, त्यात तिथल्या अग्निशमन दलाचे 343 जण गेले, अख्ख्या जगाने त्यांना हिरो म्हटलं. पण जे वाचले आणि नंतर कित्येक महिने त्या ढिगाऱ्यावर विषारी धूळ छातीत घेत राबले, त्यांना कॅन्सर, फुप्फुसाचे आजार झाले, आणि त्यांच्या उपचाराचा कायदा व्हायला जानेवारी 2011 उजाडला. नऊ वर्षांच्या वर! त्यातही भरपाईचा निधी आटत चालला म्हणून 2019 मध्ये आजारी माणसांना परत अमेरिकन संसदेपुढे जाऊन बसावं लागलं. सप्टेंबर 2023 मध्ये दलातल्या अशा आजारांनी गेलेल्यांचा आकडाही 343 वर पोचला, त्या एका दिवसाइतकाच. हा दुसरा आकडा किती जणांना माहीत असेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2022 मध्ये आग विझवण्याचं काम कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत त्याच गटात. म्हणजे काजळीने माखलेला ड्रेस नीट धुवायची सोय, चांगला मास्क, वेळेवर तपासणी यावर त्यांचं आयुष्य अवलंबून आहे, पण याचा काही फोटो निघत नाही ना.

पोलिसांचं तर अजून वेगळं, कारण त्यांच्या हातात बंदूक आणि अटकेचा अधिकार असतो. टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत मे 2022 मध्ये गोळीबार झाला तेव्हा आधी खुद्द गव्हर्नरने पोलिसांच्या धाडसाचं कौतुक केलं. मग बाहेर आलं की 376 पोलीस जमले होते आणि तरी त्या हल्लेखोरापर्यंत पोचायला 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. आई-बाप बाहेर ओरडत होते, आत जा म्हणून, आणि नंतरही त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही. 'ते जीव धोक्यात घालतात, तुम्ही काय बोलता' असं म्हणून त्यांना गप्प बसवलं असतं तर?

अँब्युलन्सवाले आणि कंट्रोल रूममध्ये फोन घेणारे, त्यांना तर हिरोही कुणी म्हणत नाही. रात्रभर किंकाळ्या ऐकून घरी गेलेल्याला झोप लागत नसेल तर त्याने सांगायचं कुणाला, हिरो घाबरत नाही असं आपण सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय.

तुम्हाला विनंती एवढीच, पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा तो माणूस सलग किती तास ड्युटीवर होता आणि त्याच्या अंगावरचं किट किती जुनं होतं तेवढं विचारून शेजारी छापा. आणि पोलिसांविरुद्ध तक्रार आली तर ती कोण तपासतंय, पुढे काय झालं, तेही तेवढ्याच मोठ्या जागेत.

आपला,
एक नियमित वाचक