परीक्षा संस्थेचा अहवाल पटलावर यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने दिग्विजय सिंह यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या, कारभारावर अहवाल सादर केला. त्यातले आकडे दोन दिवस वर्तमानपत्रांत झळकले आणि मागे पडले. २०२४ मध्ये या संस्थेने घेतलेल्या १४ परीक्षांपैकी किमान पाच परीक्षांत मोठ्या अडचणी आल्या, जानेवारी २०२५ च्या जेईई मेनमधील १२ प्रश्न अंतिम उत्तरतालिकेत चुकांपायी वगळावे लागले, आणि सहा वर्षांत सुमारे ३,५१३ कोटी रुपये जमा होऊन ३,०६५ कोटी खर्च झाले, असे समितीने नोंदवले. उरलेल्या ४४८ कोटींतून संस्थेने स्वतः परीक्षा घेण्याची क्षमता उभारावी किंवा कंत्राटदारांवरची देखरेख बळकट करावी, असेही तिने सुचवले. मात्र स्थायी समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. त्यामुळे सगळे सुचवण्यापाशीच थांबते.

हे असे का होते, याचे उत्तर एनटीएच्या जन्मातच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग संविधानाने निर्माण केला आहे. अनुच्छेद ३२३ नुसार त्याचा वार्षिक अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो आणि आयोगाचा सल्ला सरकारने ज्या प्रकरणांत मानला नाही, तिथे का मानला नाही याचे निवेदनही सोबत जोडावे लागते. आपल्या राज्य लोकसेवा आयोगाचा अहवालही त्याच अनुच्छेदाखाली विधिमंडळापुढे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगामागे, म्हणजे यूजीसीमागे, १९५६ चा कायदा आहे. एनटीए मात्र २०१८ मध्ये १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदली गेली. आपल्याकडे गावोगावची वाचनालये आणि क्रीडा मंडळे ज्या कायद्याखाली नोंदतात, तोच हा कायदा. वाचनालयाला तो पुरतो. एकट्या नीटला २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते, त्यांच्या भवितव्याला तो कसा पुरावा?

मी लातुरात तीस वर्षे अकरावी-बारावीला गणित शिकवले, म्हणून एक लहानसा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी शेजारची एक मुलगी एका प्रवेश परीक्षेची तात्पुरती उत्तरतालिका घेऊन माझ्याकडे आली. प्रश्नांना क्रमांकांऐवजी लांबलचक ओळख-आकडे, पर्यायांनाही तसेच. कोणत्या आकड्याचा पर्याय म्हणजे तिने निवडलेले उत्तर, हे जुळवण्यातच आमची अर्धी संध्याकाळ गेली. एका प्रश्नाचे दिलेले उत्तर उघड चुकले होते. आम्ही दोन ओळींत ते सिद्ध केले, ठरलेले शुल्क भरले आणि हरकत नोंदवली. अंतिम तालिका आली तेव्हा त्या प्रश्नासमोर जुनेच उत्तर होते. कारण दिलेले नव्हते, आणि हरकतीचा निकाल कोणालाही व्यक्तिशः कळवला जाणार नाही, असे सूचनापत्रातच लिहिले होते. आमचे चुकले असेलही, पण कुठे चुकले हे विद्यार्थ्याला सांगायचे नाही, हा परीक्षेचा कुठला नियम? वर्गात मी असे वागलो असतो तर पोरांनी मला फळ्यापुढे उभे राहू दिले नसते.

२०२४ च्या घटना वाचकांना ठाऊक आहेत. नीटमध्ये आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले, १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले आणि २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा झाली. यूजीसी-नेट ही प्राध्यापकपदाच्या पात्रतेची परीक्षा तर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. याच धामधुमीत, २१ जूनला, सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा अंमलात आला. संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान एक कोटी दंड, ही तरतूद योग्यच आहे. तथापि तिचा रोख पेपर फोडणाऱ्यावर आहे. परीक्षा घेणाऱ्याने सभागृहाला काय सांगावे, हा प्रश्न तसाच राहिला.

राज्यातही निराळे चित्र नाही. २७ एप्रिल २०२५ च्या एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या, सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले आणि २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. अशा वेळी विधिमंडळात लक्षवेधी येते, मंत्री उत्तर देतात, प्रकरण फार तर मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या आश्वासन समितीकडे जाते. प्रश्नपत्रिका कोणी तपासली, किती जणांनी तपासली, कंत्राटातल्या कोणत्या कलमाखाली काय वसूल झाले, हे दरवर्षी न विचारता कळायला हवे.

आता मुद्दा महाविद्यालयांचा. यूजीसी, तंत्रशिक्षणाची एआयसीटीई आणि शिक्षक-प्रशिक्षणाची एनसीटीई यांच्या जागी एकच अधिष्ठान आणणारे 'विकसित भारत शिक्षा अधिष्ठान' विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि संसदेच्या संयुक्त समितीकडे सोपवले गेले. विनियमन, मूल्यांकन आणि मानके अशा तीन परिषदा त्यात आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात चौथी, अनुदानाची परिषद होती, ती यात नाही. अनुदानाची दोरी मंत्रालयाच्याच हाती राहणार, यावर विद्यापीठांत पुरेशी चर्चा चालू आहे. परंतु महाविद्यालयाच्या दारात कोण उभे राहणार हे ठरवणारी परीक्षा संस्था त्या तीन परिषदांपैकी कोणत्याच खणात बसत नाही, याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. निवृत्तीच्या वर्षी माझ्या हजेरीपटावर ऐंशी नावे होती आणि जानेवारीत बाकांवर नऊ मुले. बाकीची क्लासमध्ये. प्रवेश ज्या कागदावर ठरतो, मुले तिथेच जाणार. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, आणि तो कागद तसाच ठेवून महाविद्यालये सुधारण्याचा कायदा करण्यातही फारसा नाही.

म्हणून संयुक्त समितीतील महाराष्ट्राच्या सदस्यांना विनंती आहे, की विधेयकावर विचार करतानाच एनटीएला स्वतंत्र कायद्याने स्थापन करण्याची आणि अनुच्छेद ३२३ च्या धर्तीवर तिचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवण्याची शिफारस त्यांनी करावी. किती प्रश्न रद्द झाले व का, किती हरकती आल्या, किती मान्य झाल्या, हरकतींच्या शुल्कापोटी किती रक्कम जमा झाली, कोणत्या कंत्राटदाराला कोणत्या राज्याने काळ्या यादीत टाकले होते, आणि स्थायी समितीची कोणती शिफारस कोणत्या कारणाने नाकारली, हे त्या अहवालात असावे. राज्याच्या सीईटी कक्षाचा असाच अहवाल पावसाळी अधिवेशनात, म्हणजे निकाल आणि प्रवेश ताजे असताना, विधिमंडळापुढे यावा. हिवाळी अधिवेशनापर्यंत मुले पहिले सत्र संपवून मोकळी झालेली असतात.

आपला,
गणिताचा एक निवृत्त प्राध्यापक, लातूर