काळा डाग

स्टुटगार्ट
फेब्रुवारी अखेर

प्रिय वखारवाल्या,

दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी आधी मागतो. "खाली चूल पेटवून वर लाकूड कोण अंथरतं रे?" असं तू म्हणालास आणि मी फोन ठेवला. भांडण फरशीवरून, आणि अबोला दोन वर्षांचा! गुडघा बरा आहे, घरी सगळे मजेत. आता ऐक, हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

बाल्कनीच्या दाराशी ओकच्या फळ्या काळ्या पडल्या. डिसेंबरात डाग बशीएवढा होता, जानेवारीत तो सांध्यासांध्यांतून हातभर पसरला. खाली हीटिंगच्या गरम पाण्याचे पाइप. ज्याने फरशी बसवली तो आला, टाचेने दोनदा ठोकलं आणि म्हणाला, पाइप गळतोय, अर्धी खोली उखडावी लागेल. घराचे 16 वर्षांचे हप्ते बाकी आहेत. त्या रात्री मी फरशीला कान लावून पडून होतो.

पण पाइप गळत असेल तर दाब उतरायला हवा. काट्यावर 1.6 बार होता. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ वहीत लिहीत गेलो, काटा हलला नाही. मग थर्मल कॅमेरा भाड्याने आणला. पडद्यावर पाइप जिलबीच्या वेढ्यांसारखे स्वच्छ उमटले, डागाखाली कुठेही ऊब फुटलेली नाही. लाकडाच्या वरच्या अंगाला 27 अंशांपर्यंत चालतं, आमचं 25 भरलं. फळ्यांच्या कडाही उचलल्या नव्हत्या. खालून ओल चढली की आधी कडा वर येतात, हे पावसाळ्यात वखारीत आण्णांनीच दाखवलं होतं, आठवतं? गालिचाखाली एक फिका चौकोन निघाला, पण तिथे ऊन पोचत नाही एवढंच त्याचं कारण.

मग काळं कशानं? तुळस इथल्या थंडीत बाहेर जगत नाही. ऑक्टोबरपासून ती आत आहे, त्याच दाराशी, लोखंडी स्टँडवर. रविवारी धाकटीने पाणी घातलं, मी सहज कुंडी उचलली, तर स्टँडचा पाय गंजलेला आणि बुडाशी चिंब. तिथेच मला आपली शाई आठवली! हिरड्याचं पाणी, त्यात वखारीतले गंजके खिळे, तुझी काळी झालेली चड्डी आणि मास्तरांची छडी. ओकमध्येही हिरड्यासारखं टॅनिन असतं, लोखंडाशी गाठ पडली की काळं होणारं तुरट द्रव्य. चार महिने आमच्या फरशीत शाई तयार होत होती रे!

तरी खात्री केली. स्टँडचा गंज खरवडून बिनदुधाच्या कडक चहात टाकला, चहा काळाकुट्ट झाला. मग हातमोजे घालून ऑक्झॅलिक ॲसिडचा, म्हणजे लोखंडाचे डाग काढणाऱ्या ॲसिडचा, एक थेंब डागाच्या कडेला. बुरशी असती तर दाद दिली नसती, हा डाग उजळला. मी ओरडलोच, शेजारीण दार वाजवून गेली.

चूल निर्दोष निघाली, एवढं मान्य कर.

पण पुढे हात धजत नाही. सगळा डाग काढायचा तर ॲसिड, मग धुणं, म्हणजे पुन्हा सांध्यांत पाणी. वरचा ओक जेमतेम 4 मिलिमीटर आहे, किती घासू? डाग गेला आणि तेवढीच जागा पांढरट राहिली तर? तुमच्या देव्हाऱ्यावरचा खिळ्याचा काळा डाग आण्णांनी लिंबू चोळून काढला होता. पण नंतर रंग कसा जुळवला? नुसतं जवसाचं तेल, की त्यात काही घातलं होतं? त्यांना नीट विचार, ते ‘थोडंसं’ म्हणतील, तर चमच्याचं माप घे.

तू नवी करवत घेतलीस, ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पोरीची दहावी ना यंदा? काकूंना नमस्कार.

तुमचं उत्तर येईपर्यंत डागाला हात लावत नाही. तुळस मातीच्या थाळीत, पाटावर ठेवली आहे. त्या खोलीचं हीटिंग बंद आहे आणि पोरं दोन-दोन मोजे घालून हिंडताहेत, तेव्हा लवकर कळव.

तुझाच,
खिळेचोर