भिंतीवरची पेटी कुणाची?

मा. संपादक,

मागच्या रविवारी सांगलीहून मावशी आणि काका आले होते, त्यांना तलावपाळी फिरवली आणि रात्री लेकीच्या हट्टापायी घोडबंदर रोडच्या एका म्युझिक थीमवाल्या रेस्टॉरंटात गेलो. नाव लिहीत नाही. भिंतभर गिटारी, एलपी रेकॉर्ड, बाहेरगावचे लोक सेल्फी काढतायत आणि आवाज एवढा की काकांनी पाणी मागितलं तर वेटरने पनीर टिक्का लिहून घेतला (बरा होता, ते सोडा).

आमच्या टेबलाच्या वर फळीवर एक पेटी होती. काका ४० वर्षं भजनात पेटी वाजवतात, मग जेवणात लक्ष कसलं! उठून बघितलं तर भाता फाटलेला, दोन पट्ट्या गायब आणि आत टिश्यू पेपरचे गठ्ठे कोंबलेले. कुणाची पेटी म्हणून विचारलं तर मॅनेजर म्हणतो, "इंटिरियरवाल्याने आणली सर, चोरबाजारातली असेल."

अहो, ही आयडिया ज्यांची ते लंडनचं हार्ड रॉक कॅफे बघा, १९७१ साली दोन अमेरिकन तरुणांनी हाइड पार्क कॉर्नरजवळ काढलं. रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टन तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक, त्याची गिटार भिंतीवर लागली, ते कळल्यावर पीट टाउनशेंड या दुसऱ्या रॉक गिटारवादकानेही स्वतःची पाठवून दिली, माझीही काही कमी नाही म्हणून! कुठली गिटार कुणाची हे माहीत असतं म्हणून तर लोक जेवण सोडून भिंती बघत फिरतात.

पेटीचं सांगायला काय कमी आहे का? परदेशातून आली, संगीत नाटकात आणि कीर्तनात रमली, १९४० ला आकाशवाणीने बंद केली ती परत घेतली तीही १९७१ लाच. ठाण्यात कितीतरी घरांत माळ्यावर आजोबांची पेटी धूळ खात असेल, हॉटेलवाल्यांनी मागितली तर लोक हौसेने देतील, खाली आजोबांचं नाव लावा म्हणजे झालं.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला, तो भांडून काढायला लावला, सक्ती करता येत नाही हे दिल्ली हायकोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय.

निघताना काका मॅनेजरला म्हणाले, पुढच्या खेपेला येतो तेव्हा भाता मी बदलून देतो, पैसे नकोत, आधी ते टिश्यू काढा. तो हसला. काकांचा मात्र कालच सांगलीहून फोन, काढले का रे टिश्यू?

- एक वाचक, नौपाडा, ठाणे